लाल चिठ्ठीचा रोबो

खेळणं दीडशे रुपयांचं, आणि आमच्या घरी त्याची तपासणी चालली दोन महिने. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारा-म्हातारीला दुसरा उद्योग नसेल. तसं काही नव्हतं बाप्पा. माझी शिलाई मशीन अजून चालू आहे, सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीतल्या बाया फॉल-पिकोला साड्या माझ्याकडेच टाकतात. आणि आमच्या ह्यांना तर तेव्हा कामच काम होतं. ते करायचं नव्हतं, एवढंच.

हे कोराडीला वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होते, माल तपासायला. बाहेरून बेअरिंग येवो, व्हॉल्व्ह येवो, नाहीतर नुसती नटबोल्टांची पेटी येवो, ह्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आत जायची नाही. मोजायचं, फिरवून पाहायचं, कानाला लावायचं आणि मग चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. चिठ्ठीला भोक, भोकात सुतळी, सुतळीला गाठ. गाठ मारली की समोर जो कोणी उभा असेल त्याला म्हणायचं, ओढून पाह्य. कारण चिठ्ठी गळून पडली की चांगला माल आणि वाईट माल एकाच ढिगात जातो. चौतीस वर्षं ह्यांनी हेच केलं. रिटायर झाले तेव्हा सोबतच्या लोकांनी शाल-नारळासोबत गंमत म्हणून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि सुतळीचा एक गुंडा दिला. लोकांनी गंमत केली आणि ह्यांनी तो गठ्ठा कपाटात नीट ठेवून दिला.

ह्यांचं एक म्हणणं होतं, ते मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. खराब माल पास केला तर मशीन बंद पडते, चांगला माल नापास केला तर माल आणणाऱ्याची चूल बंद पडते, आणि ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. म्हणून लाल चिठ्ठी लिहायच्या आधी हे उठून एक चहा पिऊन यायचे आणि तोच नग पुन्हा पहिल्यापासून तपासायचे.

घरी तीच तऱ्हा. कुकरची रिंग, टमाटर, जावई, सगळं तपासून. मला पाहायला आले तेव्हा पोह्यांची ताटली तशीच ठेवून कोपऱ्यातल्या माझ्या मशीनकडे गेले, चाक फिरवलं आणि माझ्या बाबांना म्हणाले, खालचा दोरा ढिला आहे. बाबा ओशाळले. मी आतूनच ऐकू जाईल असं म्हटलं, दोरा बरोबर आहे, पाहणाऱ्याला मशीन समजत नाही. त्यावर लग्न जमलं. दोरा ढिलाच होता, पण ते मी अजून कबूल केलेलं नाही.

गेल्या दसऱ्यानंतर ह्यांना लकवा मारला. सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि तो पडला हे ह्यांना कळलंच नाही. दवाखान्यातून घरी आणलं तोवर तोंडाचं वाकडेपण बरंच गेलं होतं. पाय ओढत का होईना, चालायला लागले. पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला. बोटं थोडी हलायची, काही धरायची नाहीत. व्यायाम करून घ्यायला एक डॉक्टरीण यायची, आमच्या लेकीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिनं मला दारापर्यंत नेऊन सांगितलं, काकू, हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे आहेत. आता बोटांकडून काम करून घेतलं तर हात परत येईल, नाही घेतलं तर बहुतेक असाच राहील. मी विचारलं, मग काय करू? तिनं सांगितलं, स्पंजचा चेंडू दाबायचा, वाटाणे सोलायचे, कणीक मळायची, संत्रं सोलायचं. जे हाताला येईल ते.

हे ऐकतील तर शपथ. चेंडू दिवाणाखाली गेला. वाटाण्याची परात पाहून म्हणाले, नर्सरीतलं पोरगं समजली का मले? कणकेकडे तर पाहिलंही नाही. संत्र्याचे दिवस, नागपुरातलं घर, समोर टोपली भरलेली, आणि हा माणूस संत्रं खाईना. दुसऱ्यानं सोललेलं चालायचं नाही, आणि स्वतः सोलायला घेतलं तर बोटं घसरलेली सगळ्यांना दिसतील. मी चिडायची, बडबडायची, भांडी आपटायची. खरं सांगते, त्या रागाच्या खाली निव्वळ भीती होती. ज्या माणसाची सगळी अक्कल आणि सगळी ऐट त्या उजव्या हातात होती, त्याचा तोच हात गेला तर घरात काय उरेल, हे मला रोज दिसत होतं.

आता खेळण्याचं. आमचा नातू पुण्याला असतो, फेब्रुवारीच्या मध्यावर सहा वर्षांचा होणार होता. त्याला गाडीचा रोबो होतो ते खेळणं पाहिजे होतं. मोठ्या दुकानातल्या रोबोंच्या किमती पाहून माझे डोळे पांढरे झाले, म्हणून आमच्या चौकातल्याच दुकानातून लहानसा घेतला. तळहातावर मावेल एवढी लाल गाडी. दारं बाजूला ओढली की त्यांचे हात होतात, बॉनेट वर उचललं की छाती, आतून डोकं निघतं आणि मागची चाकं खाली खेचली की दोन पाय. दुकानदारानं अर्ध्या मिनिटात करून दाखवलं, मग मीही तिथंच काउंटरवर केलं. दिवाळी होऊन गेली होती, वाढदिवसाला अजून वेळ होता, पण मला वस्तू आधी आणून ठेवायची सवय आहे.

घरी आल्यावर हे म्हणाले, दाखव. मी म्हटलं, खेळणंच तर आहे. म्हणाले, घराबाहेर जाणार ना, मग दाखव.

चष्मा लावला. डाव्या हातात गाडी घेतली आणि नखानं कडा तपासल्या. कडेला प्लॅस्टिकचं खरखरं राहिलं होतं, पण पोराचं बोट कापणार नाही म्हणाले. रंग दोन ठिकाणी रेषेबाहेर. खोक्यावरच्या फोटोत चाकं चंदेरी, आत निघाली काळी. टेबलावर सोडून पाहिली, थोडी डावीकडे जात होती. चारही चाकं जमिनीला टेकतात, हे चांगलं. एवढं एका हातानं झालं. पण गाडीचा रोबो एका हातानं होत नाही, एकानं धरायला लागतं आणि दुसऱ्यानं ओढायला. मी मशीनवर बसले होते, आणि मला दिसलं की ह्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला आणि दाराची कड शोधायला लागला. ह्यांचं लक्ष सगळं गाडीकडे होतं. माझा पाय पायडलवरच थांबला.

पाऊण तास झटले. एकही दार उघडेना. घाम आला होता. शेवटी गाडी बाजूला सरकवून म्हणाले, "नापास. सांधे जड आहेत. लाल चिठ्ठी लिही."

नाचता येईना, अंगण वाकडं! माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ज्या हातानं महिन्याभरात चेंडू धरला नव्हता तो पाऊण तास राबला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी तोंडात आलेलं गिळलं. कपाटातून गठ्ठा काढला, लाल चिठ्ठीवर लिहिलं, नापास, सांधे जड, आणि गाडीला बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेले. त्यानं पुन्हा अर्ध्या मिनिटात रोबो करून दाखवला आणि विचारलं, काकू, ह्यात खराबी काय आहे? मी म्हटलं, खराबी काही नाही, मला अजून एक द्या. घरी येऊन ह्यांना सांगितलं की दुकानदारानं चूक मानली आणि दुसरा नग पाठवला. हे म्हणाले, दोन नगांवर माल ठरत नाही, कमीत कमी तीन लागतात. चौकातल्या दुकानात संपले होते, म्हणून तिसऱ्यासाठी मी दोन ऑटो बदलून धरमपेठेत जाऊन आले. तशीच लाल गाडी, तशीच काळी चाकं. ह्या वयात मी खेळण्याच्या दुकानातून पिशवी लपवत घरी येत होते, पण लाज वाटली नाही.

मग रोजचा क्रम पडला. सकाळी पोहे झाले की हे पोर्चमध्ये उन्हात खुर्ची टाकून बसायचे, पुढ्यात स्टूल, स्टुलावर तीन गाड्या, तिन्हींना लाल चिठ्ठ्या. मी वही घेऊन बसायची आणि हे सांगतील ते उतरवायची. नग एक, डावं दार उघडतं, उजवं नाही. नग दोन, बॉनेट अर्धं वर येतं. नग तीन, दोन्ही दारं उघडतात, डोकं अडकतं. ह्यांच्या लेखी ती खेळण्याच्या खराबीची यादी होती. मी मात्र रात्रीच्या स्वयंपाकाआधी मागची पानं उलटून पाहायची. डिसेंबरच्या सुरुवातीला एकही दार उघडत नव्हतं. संक्रांतीच्या तिळाला दोन्ही दारं, छाती आणि डोकं, एवढं सगळं होत होतं. डॉक्टरणीला मी वही दाखवली. ती हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, काकू, हेच चालू द्या, मी चेंडूचं नावही काढत नाही.

राहिले होते पाय. मागची चाकं चिमटीत धरून जोरानं खाली खेचायची होती आणि चिमटीत तेवढा जोर येईना. दहा दिवस तिथंच अडलं. हे कंटाळले. एका सकाळी म्हणाले, तिन्ही नापास, सगळे परत करून टाक, उगाच टाइमपास करून राहिलो आपण. गाड्या गेल्या की हात पुन्हा मांडीवर जाईल, आणि मोलाचे म्हणून सांगितलेले महिने तर भराभर संपत चालले होते.

त्या दुपारी हे झोपले असताना मी मशीनचा लहान पेचकस घेतला आणि पहिल्या गाडीच्या पाठीमागचे चारही स्क्रू थोडे थोडे ढिले केले. पायाच्या सांध्यात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. दुसऱ्या सकाळी म्हटलं, परत करायच्या आधी शेवटचं एकदा पाहून घ्या. त्यांनी पाहिलं. दारं, छाती, डोकं आणि मग पाय, सटकन खाली आले. स्टुलावर रोबो उभा राहिला. मी उठून आत गेले आणि शिरा करायला घेतला, कारण तिथं थांबले असते तर रडले असते. शिरा घेऊन बाहेर आले तर हे रोबोकडे टक लावून पाहत होते. पास म्हणाले नाहीत. उद्या पुन्हा पाहू, एवढंच म्हणाले.

उद्या आला. मी वही उघडून बसले. ह्यांनी गाडी उचलली, हलवली, कानाशी नेली, मग उलटी करून उन्हात धरली.

"हे कोणं खोललं?"

मी म्हटलं, कोण खोलणार?

त्यांनी गाडी नाकाशी नेली. "मशीनचं तेल आहे. अन् स्टारच्या स्क्रूले चपटा पेचकस लावला. डोकं खरवडलं सगळं." गाडी स्टुलावर ठेवली. "तपासणीचा नग खोलणाऱ्याले आम्ही गेटच्या आत घेत नव्हतो."

मी माफी मागायला पाहिजे होती. पण माझा स्वभाव. दोन महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "नाचता येईना अन् अंगण वाकडं. खेळण्यात काहीच खराबी नाही. दुकानदार अर्ध्या मिनिटात करते, मी करते, सहा वर्षांचं पोरगं करीन. तुमचा हात होऊन नाही राहिला. त्याले लावा ना लाल चिठ्ठी."

ह्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि शालीच्या आत ठेवला.

तीन दिवस तपासणी बंद. गाड्या फडताळावर. डॉक्टरीण आली, हे भिंतीकडे तोंड करून पडले, ती तशीच परत गेली. मी मशीनवर बसून कोणाच्यातरी साडीला फॉल लावत होते आणि रडत होते. साडीवर डाग पडला तो धुवावा लागला. ज्या माणसानं आयुष्यभर कोणाचा चांगला माल नापास केला नाही, त्याच्या हाताला मी तोंडावर नापास म्हटलं होतं. जीभ हासडून टाकावीशी वाटत होती. पण माफी तेव्हाही मागितली नाही, कारण मागायला गेले असते तर हात हा शब्द पुन्हा काढावा लागला असता.

चौथ्या दिवशी सकाळी पोर्चमधून आवाज आला, "काय वं, घरी स्टारचा पेचकस आहे का?"

घरी नव्हता. मी चप्पल घालून हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि घेऊन आले. ह्यांनी ढिली गाडी दोन गुडघ्यांत धरली होती. पेचकस उजव्या हातात घेतला. तो स्क्रूवर टेकवणंच जमेना, टेकला की घसरायचा, फिरवायला गेले की पडायचा. मी खाली वाकून उचलून द्यायची, बस. पहिल्या दिवशी एक स्क्रू झाला. चार स्क्रूंना तीन सकाळी लागल्या. फडक्यानं तेल पुसून काढलं. मग गाडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "जशी आली होती तशी केली. पाह्य."

मी पाय ओढून पाहिले. घट्ट होते, पहिल्यासारखे.

"हा नग पहिल्या दिवशीच पास होता," हे म्हणाले. "मले तेव्हाच माहीत होतं. चौतीस वर्षांत नाही केलं ते घरी बसून केलं. चांगल्या मालाले लाल चिठ्ठी लावली."

मी म्हटलं, चिठ्ठी तर मी लिहिली. म्हणाले, तू काय, सांगितलं ते लिहिलं. मग दोघंही उन्हात बसून राहिलो. समोर टोपली होती. मी एक संत्रं उचलून, न सोलता, त्यांच्यासमोर ठेवलं. ते त्यांनी अर्धं सोललं, अर्धं चेचलं आणि सगळं खाल्लं. शर्टावर रस सांडला, मी तो सांडू दिला.

त्यानंतर वही बंद झाली. हे रोज तीच पुन्हा घट्ट केलेली गाडी घेऊन बसायचे, मी माझ्या साड्या घेऊन. कुरियरला द्यायचा शेवटचा दिवस आला, आणि त्या दुपारी पाय खाली आले. सटकन नाही, कुरकुरत, आधी एक आणि बऱ्याच वेळानं दुसरा. ह्यांनी रोबो स्टुलावर उभा केला आणि स्टूल हलवून पाहिलं. पडला नाही. पुन्हा गाडी केली. मग तिन्ही लाल चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि एक हिरवी मागितली. तिच्यावर उजव्या हातानं लिहिलं, पास. दोन अक्षरांनी अख्खी चिठ्ठी भरली. आता सुतळी बांधायची होती.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले, कारण पुढे असते तर राहवलं नसतं. सुतळी चिमटीतून तीनदा निसटली. चौथ्यांदा टोक वेढ्यातून गेलं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी ते ओढलं आणि गाठ बसली.

"ओढून पाह्य," म्हणाले.

मी हलकेच ओढलं.

"तशी नाही वं. जोरानं."

माझ्या मनात एकदा आलं, की राहू द्यावं, आहे तशी चांगली आहे म्हणावं. मग मी जोरानं ओढलं. गाठ सुटली आणि चिठ्ठी स्टुलावर पडली.

"सुटली," मी म्हटलं. "नापास."

हे माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग हसले, उजवीकडून थोडं कमी, डावीकडून जास्त. "हां," म्हणाले, "आता बराबर." आणि सुतळीचं टोक पुन्हा चिमटीत धरलं. कुरियरचं दुकान आठला बंद होत होतं आणि सहाच वाजले होते. मी समोरची खुर्ची ओढून बसले, हात तसेच पाठीमागे ठेवून.